भुलीचा चार्ट संगणकावर : ओटीतील नोंदप्रणालीचे परीक्षण

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाने ठेवायची नोंद संगणकाकडे सोपवावी का, आणि सोपवली तर पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आता महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या रुग्णालयांपुढेही उभा राहिला आहे. पुण्यातील ज्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, तेथील सर्व ऑपरेशन थिएटरांत (ओटींत) अशी प्रणाली बसवण्यात आली असून, ती रोजच्या कामात रुळल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. प्रणालीचे आणि ती पुरवणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही. ती आमच्या यंत्रांना कशी जोडली, तिचे पडदे कोणी मांडले आणि रुग्णालयाने तिच्या देखभालीसाठी किती माणसे दिली, यांवरच तिचे बरेवाईट ठरले आहे. त्यामुळे हेच उत्पादन दुसऱ्या रुग्णालयात अगदी निराळे वागू शकते. खरेदीच्या विचारात असलेल्यांना कामाच्या गोष्टी कळाव्यात, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

भूलतज्ज्ञांव्यतिरिक्त इतर वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. रुग्णाला भूल दिल्यापासून तो शुद्धीवर येऊन रिकव्हरीत जाईपर्यंत त्याची नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, तापमान, दिलेली प्रत्येक औषधमात्रा, चढवलेले सलाइन आणि रक्त, झालेला रक्तस्राव, लघवीचे प्रमाण हे सारे वेळेनुसार एका चार्टवर मांडावे लागते. कागदी चार्टवर पाच-पाच मिनिटांचे रकाने असतात. त्यांत रक्तदाबाच्या खुणा व नाडीचे ठिपके हाताने भरले जातात. संगणकीय प्रणालीत मॉनिटर, भुलीचे यंत्र आणि ठरावीक वेगाने औषध देणारे सिरिंज पंप यांच्यातून आकडे केबलद्वारे किंवा रुग्णालयाच्या नेटवर्कवरून थेट सर्व्हरवर जातात आणि चार्ट आपोआप रेखाटला जातो. औषधे, प्रसंग आणि शेरे मात्र माणसानेच नोंदवायचे असतात.

हा कागदी चार्ट काही साधासुधा वारसा नव्हे. १८९४-९५ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी ईथर देताना नाडी व श्वास यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पाडला. पुढे १९०१ मध्ये कुशिंग इटलीतील पाव्हियाला गेले असता त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक पाहिले, ते अमेरिकेत नेले आणि चार्टवर रक्तदाबाची भर पडली. रक्तदाब आणि नाडी किमान दर पाच मिनिटांनी तपासावी, हा दंडक हार्वर्डच्या रुग्णालयांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत लिहून ठेवला. आपल्याकडील छापील चार्टवरचा पाच मिनिटांचा रकाना याच परंपरेतला आहे. शतकभर टिकलेली ही पद्धत बाजूला सारायची, तर नव्या पद्धतीने काहीतरी ठोस द्यायला हवे.

ते ती देते, आणि सर्वांत जास्त देते ते भूल देण्याच्या पहिल्या वीस मिनिटांत. या काळात भूलतज्ज्ञाचे दोन्ही हात रुग्णाच्या चेहऱ्याशी, मास्कशी, घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपशी आणि श्वासनळीत घालायच्या नळीशी गुंतलेले असतात. औषधे एकामागून एक जात असतात, रक्तदाब खालीवर होत असतो आणि नेमक्या याच वेळी कागदी चार्ट कोरा राहतो. तो भरला जातो तो नंतर, रुग्ण स्थिर झाल्यावर, आठवणीतून. आठवण काटेकोर नसते. हाताने भरलेल्या चार्टवर टोकाचे आकडे बोथट होतात, शून्याने संपणारे आकडे वाढतात आणि रक्तदाबाची रेषा प्रत्यक्षात होती त्यापेक्षा सपाट दिसते, हे हस्तलिखित आणि स्वयंचलित नोंदींची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. यात कोणाचा खोटेपणा असतो असे मला वाटत नाही. रुग्णावर लक्ष असलेल्या माणसाकडून कारकुनी कामाची अपेक्षा केली की असेच होणार.

आमच्या प्रणालीत हा कोरा काळ उरलेला नाही. मॉनिटरची केबल जोडून रुग्णाची निवड केली की आकडे येऊ लागतात. नळी घालताना प्राणवायू ९१ पर्यंत उतरला असेल तर ९१ दिसतो, तो ९८ होत नाही. सिझरच्या रुग्णांत याचा उपयोग मला विशेष जाणवला. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून दिलेली भूल, दिल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब झपाट्याने पडतो, तो वाढवणारे फिनाइलेफ्रिन द्यावे लागते, रुग्णाला एका कुशीकडे किंचित झुकवावे लागते, आणि बाळ बाहेर येईपर्यंत कोणालाही पेन हातात घेण्याची उसंत नसते. हा सगळा चढउतार आता मिनिटामिनिटाने चार्टवर उमटतो आणि बाळाच्या पहिल्या तपासणीत बालरोगतज्ज्ञाला काही शंका आली, तर त्या वेळी आईचा रक्तदाब किती होता हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

या प्रामाणिकपणाची भीतीही वाटते, आणि ती समजून घ्यायला हवी. प्रणाली नवी असताना एका निवासी डॉक्टरने मला विचारले, “मॅडम, हा ७८ चा आकडा काढता येईल का? उद्या कोणी विचारलं तर?” प्रश्न रास्त होता. कागदावर जो आकडा कधी लिहिलाच गेला नसता, तो आता कायमचा नोंदला जातो. मी तिला सांगितले की आकडा तसाच राहू दे, त्याच्याशेजारी काय केलेस ते लिही : किती वाजता औषध दिले, किती द्रव चढवला, किती मिनिटांत रक्तदाब सावरला. रक्तदाब पडणे ही स्पायनलची अपेक्षित गोष्ट आहे. तो पडलेला पाहून काय केले, यावरच भूलतज्ज्ञाचे काम जोखले जाते. यंत्राने आकडे अचूक टिपले तरी त्यामागचे कारण त्याला ठाऊक नसते. ते लिहायला प्रणाली किती सोपी वाट करून देते, हा माझ्या मते तिच्या परीक्षेतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. आमची प्रणाली या परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण होते. शेरा लिहिण्यासाठी तीन पडदे ओलांडावे लागतात, आणि हातमोजे घातलेल्या बोटाने टचस्क्रीनवर वाक्य टंकणे हे अंत पाहणारे काम आहे. वारंवार लागणाऱ्या शेऱ्यांसाठी आम्ही स्वतः बटणे तयार करून घेतली, तेव्हा कुठे निवासी डॉक्टर लिहू लागले.

सूक्ष्म नोंदींचे मोल एका रुग्णापुरते नसते. क्लीव्हलँड क्लिनिकमधील ३३,३३० शस्त्रक्रियांच्या संगणकीय नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, हृदयशस्त्रक्रिया वगळता अन्य शस्त्रक्रियांच्या वेळी सरासरी रक्तदाब ५५ च्या खाली अगदी थोड्या मिनिटांसाठी गेला, तरी त्याचा संबंध मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या इजेशी आढळतो. पाच मिनिटांच्या रकान्यात, आठवणीतून भरलेल्या खुणांवरून असा निष्कर्ष काढणे शक्यच नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ पासून अनेक रुग्णालयांच्या अशा नोंदी एकत्र करून त्यांचा अभ्यास करणारा गट काम करत आहे. आपल्या महाराष्ट्रातील रुग्णांचे वय, वजन, रक्तक्षय, हृदयझडपांचे जुने आजार यांचे चित्र अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा वेगळे आहे. त्यांच्यासाठी सुरक्षित रक्तदाब कोणता, हे आपल्याच नोंदींतून शोधावे लागेल, आणि मला या प्रणालीविषयी जो जिव्हाळा वाटतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता उणिवांकडे. यंत्र जसे खरे आकडे टिपते तसेच खोटेही टिपते. सर्जनने कॉटरी (विजेवर चालणारे, ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे साधन) लावली की ईसीजीवर खडखडाट उमटतो आणि नाडी एकदम १८० दाखवली जाते. रक्तदाबाचा पट्टा ज्या हातावर आहे त्याच हाताच्या बोटावर प्राणवायू मोजणारा प्रोब असेल, तर पट्टा फुगताच प्राणवायूचा आकडा गायब होतो. धमनीतील नळीतून रक्ताचा नमुना घेताना किंवा ती फ्लश करताना रक्तदाब ३०० च्या घरात जातो. टेबल वर घेतले आणि धमनीतील दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर खालीच राहिला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि तो खोटा आहे हे चार्ट पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. सक्शनसाठी श्वास देणाऱ्या नळ्यांचे सर्किट सोडले की कार्बन डायऑक्साइड शून्य. कागदावर लिहिताना डॉक्टर हे आकडे मनातच गाळून टाकतो, संगणक ते गाळत नाही.

आमच्या प्रणालीत असा आकडा ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून खूण करण्याची सोय आहे. खूण केल्यावर मूळ आकडा पुसला जात नाही. तो फिकट होतो आणि कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने खूण केली ते शेजारी राहते. ही रचना मला अतिशय योग्य वाटते. प्रात्यक्षिक पाहायला गेलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट विक्रेत्याकडून करवून घ्यावी, कारण आकडा सरळ बदलू देणारी आणि मागमूस न ठेवणारी प्रणाली वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी आणि कायद्याच्या दृष्टीने घातक आहे. पण आमच्याकडे ही खूण केस संपल्यावर करायची झाली तर चार्ट पुन्हा उघडावा लागतो आणि पुढचा रुग्ण तोवर टेबलावर आलेला असतो. म्हणून बऱ्याच खुणा राहून जातात.

औषधांची नोंद हा प्रणालीचा चांगला भाग आहे. प्रोपोफॉल, फेंटानिल, ॲट्राक्युरियम यांच्या नेहमीच्या मात्रा बटणांवर आहेत, वजन भरलेले असेल तर किलोमागे किती झाले तेही दिसते. इन्फ्युजन (सतत ठरावीक वेगाने जाणारे औषध) सुरू केले, वेग बदलला, थांबवले की एकूण मात्रा आपोआप मोजली जाते. नॉरअॅड्रिनॅलिनचा वेग तासाला किती मिलिलिटर आणि किलोमागे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, हा हिशेब मध्यरात्री डोक्यात करावा लागत नाही. प्रतिजैविक चीर देण्यापूर्वी ६० मिनिटांच्या आत दिले गेले का, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत सेफाझोलिनची पुढची मात्रा ४ तासांनी दिली का, याची आठवण पडद्यावर येते. ही आठवण खरोखर उपयोगी आहे. चार तासांनंतर सर्जन, सिस्टर आणि भूलतज्ज्ञ हे तिघेही थकलेले असतात. फेंटानिल, मॉर्फिन यांसारख्या अमली औषधांचे ॲम्प्युल किती वापरले व किती टाकून दिले, याचा मेळ मात्र प्रणाली घालत नाही. ते रजिस्टर ओटीच्या सिस्टरांना पूर्वीप्रमाणेच हाताने ठेवावे लागते आणि चार्टमधील आकडा व रजिस्टरमधील आकडा जुळला नाही तर दोष त्यांच्या माथी येतो. पुरवठादाराने हे लवकर दुरुस्त करावे.

जिथे मी सर्वांत जास्त नाराज आहे ती गोष्ट म्हणजे आधीच भरून ठेवलेली वाक्ये. ‘जनरल ॲनेस्थेशिया’ हा पर्याय निवडला की नळी घातल्याची संपूर्ण नोंद तयार होऊन येते : लॅरिंगोस्कोपीत स्वरयंत्र पूर्ण दिसले, पहिल्याच प्रयत्नात नळी गेली, दोन्ही बाजूंना हवा सारखी, डोळे झाकले, दाबाच्या जागी गाद्या दिल्या. ते सगळे प्रत्यक्षात घडलेलेही असू शकते. पण नळी तिसऱ्या प्रयत्नात, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक कांडी) वापरून गेली असेल आणि घाईत ते वाक्य बदलायचे राहिले, तर चार्टवर एक धडधडीत असत्य सहीनिशी उरते. हे असत्य पुढच्या वेळी त्याच रुग्णाला भूल देणाऱ्याला चकवते. आकड्यांच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली प्रणाली शब्दांच्या बाबतीत इतकी सैल असावी, हे मला पटत नाही. आमच्या विभागाने आग्रह धरून ही वाक्ये रिकाम्या पर्यायांत बदलून घेतली : प्रयत्न किती, साधन कोणते, दृश्य कसे, हे निवडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. दोन बोटांचे काम वाढले, पण जे लिहिले जाते ते घडलेले असते.

याउलट जुनी नोंद क्षणात समोर येणे ही या प्रणालीची सर्वांत मोठी देणगी आहे, असे मी ठामपणे म्हणेन. भूलपूर्व तपासणीसाठी, ज्याला आम्ही सगळे ‘पॅक’ म्हणतो, रुग्ण ओपीडीत येतो तेव्हा त्याचे आधीचे ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात झाले असेल तर ते पूर्ण उघडते. मान वळवण्यात अडचण, मास्कने श्वास देणे अवघड, कोणत्या मापाचे ब्लेड चालले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, हे सारे दिसते. कागदाच्या काळात हीच माहिती रेकॉर्ड रूममधील गठ्ठ्यात असे आणि फाइल सापडेपर्यंत ऑपरेशन होऊनही जाई. रुग्णाला विचारले तर ‘मागच्या वेळी भुलीचा काहीतरी त्रास झाला होता म्हणे’ यापलीकडे बहुधा काही कळत नसे. श्वासमार्ग अवघड आहे हे आधी ठाऊक असले की व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ आणि नातेवाइकांशी नीट बोलणे, या सगळ्याची तयारी होते. त्यातून वाचणारा जीव कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

परंतु ही माहिती एका रुग्णालयाच्या भिंतीआडच राहते. रुग्ण साताऱ्याला किंवा नगरला दुसऱ्या रुग्णालयात गेला, तर तेथे काहीच पोहोचत नाही. आरोग्यनोंदी डिजिटल स्वरूपात जोडण्यासाठीचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आहे, अनेक रुग्णांकडे त्यातील आरोग्यखात्याचा चौदा अंकी आभा क्रमांकही आहे, आणि आमच्या प्रणालीत तो क्रमांक भरायचा रकानाही आहे. मात्र त्या रकान्यातून भुलीची नोंद पुढे कुठेही जात नाही. श्वासमार्ग अवघड असल्याची एक ओळ जरी या क्रमांकासोबत फिरली, तरी मोठे काम होईल. तोवर आम्ही अशा रुग्णाला मराठीत लिहिलेले पत्र हाती देतो.

मराठीचा विषय निघाला म्हणून संमतिपत्राविषयी. भुलीसाठीची संमती रुग्णाला कळेल अशा भाषेत घेणे बंधनकारक आहे, आणि आमच्या बहुतेक रुग्णांसाठी ती भाषा मराठी आहे. प्रणालीत मराठी मजकूर टंकता येतो, पडद्यावर तो नीट दिसतोही, पण पीडीएफ काढली की जोडाक्षरे फुटतात, रफार उडतो आणि ‘स्वरयंत्र’सारखा शब्द वाचण्यापलीकडे जातो. परिणामी संमतिपत्र कागदावरच राहिले : छापील अर्ज, सही किंवा अंगठा, मग स्कॅन करून चार्टला जोडणे. पुरवठादाराला हे किरकोळ वाटते असे दिसते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वैद्यकीय प्रणालीत देवनागरी नीट छापली जात नसेल, तर ती अपुरी आहे, असेच मी म्हणेन.

घड्याळांचा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. मॉनिटरचे घड्याळ, भुलीच्या यंत्राचे घड्याळ, सर्व्हरचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असेल, तर चार्टवर रक्तदाब पडण्याआधीच ॲड्रिनॅलिन दिलेले दिसू शकते. घटनांचा क्रम उलटला की चार्टचा अर्थच बदलतो. सर्व यंत्रांची वेळ एकाच मध्यवर्ती घड्याळाशी जुळवणे हे बसवणीच्या वेळीच व्हायला हवे. आमच्याकडे ते नंतर, बऱ्याच पाठपुराव्यानंतर झाले.

त्याहून गंभीर बाब म्हणजे आकडे येणे बंद होणे. २००६ साली अमेरिकेतील भूलशास्त्राच्या एका नियतकालिकात असे प्रकरण नोंदवले गेले होते की, मॉनिटर आणि नोंदप्रणाली यांतील संपर्क तुटला, तासाहून अधिक काळाची नोंद झालीच नाही, आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही. रुग्णाला गंभीर इजा झाल्यावर ती पोकळीच दाव्यात प्रतिकूल ठरली. रुग्णावर लक्ष नव्हते असे नव्हे, पण तसे दाखवायला कागद नव्हता. त्यामुळे आकड्यांचा प्रवाह थांबताच पडद्यावर ठळक सूचना येते का, हे प्रत्येक खरेदीदाराने केबल स्वतःच्या हाताने काढून पाहावे. आमच्या प्रणालीत पिवळी पट्टी येते, पण आवाज होत नाही. मला आवाज हवा आहे. ओटीत आधीच आवाजांची गर्दी आहे हे मान्य करूनही मी हे म्हणते.

वीज आणि नेटवर्क यांबाबत अनुभव बरा आहे. मुख्य पुरवठा जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणांत मॉनिटर आणि भुलीचे यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतात. नोंदीचा संगणक बंद पडू नये म्हणून त्याला स्वतंत्र यूपीएस द्यावा लागला. सर्व्हरशी संपर्क तुटला तर आकडे त्या ओटीतील संगणकातच साठतात आणि संपर्क आल्यावर वर जातात. तरीही प्रत्येक ओटीत छापील कोऱ्या चार्टचा गठ्ठा ठेवलेला आहे आणि नव्या निवासी डॉक्टरांना हाताने चार्ट भरणे शिकवले जाते. हे शिकवणे थांबवू नये.

हाताने लिहिण्याचे काम गेले तर डॉक्टरचे रुग्णावरचे लक्ष उडेल, अशी शंका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुरुवातीलाच मांडली होती. दर पाच मिनिटांनी मॉनिटरकडे पाहून खूण करणे ही एक शिस्त होती, हे खरेच आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रत्यक्ष ओटीत या शंकेची तपासणी झाली आणि हाताने नोंद न करणाऱ्यांची दक्षता कमी झाल्याचे आढळले नाही. माझे निरीक्षणही साधारण तसेच आहे. लक्ष विचलित होते ते स्वयंचलित आकड्यांमुळे नव्हे, तर रकाने भरण्याच्या सक्तीमुळे. विम्यासाठी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांसाठी लागणारी माहिती, गुणवत्ता-मानांकनासाठीच्या खुणा, बिलासाठीचे कोड, हे सगळे भूलतज्ज्ञाच्या पडद्यावर आणून ठेवले की तो रुग्णाऐवजी पडद्याकडे बघू लागतो. व्यवस्थापनाने हे रकाने भुलीच्या पडद्यावरून हटवून रिकव्हरीनंतरच्या पानावर न्यावेत, अशी मागणी आम्ही केली आणि ती बव्हंशी मान्य झाली, हे आवर्जून नोंदवते.

कायद्याच्या बाजूने पाहता भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. संगणकीय नोंदीने ही मुदत पाळणे सोपे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य (नोंदीत फेरफार झाल्यास बदलणारा तिचा संगणकीय ठसा) द्यावे लागते. आपली प्रणाली ते काढून देते का, आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार, हे खरेदीआधी विचारून घ्यावे. आमच्या पुरवठादाराला हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर यायला बराच वेळ लागला.

छोट्या नर्सिंग होमना ही प्रणाली मी आज सुचवणार नाही. तेथे भूलतज्ज्ञ बाहेरून येतो, दिवसात तीन-चार ठिकाणी जातो, प्रत्येक ठिकाणचा मॉनिटर वेगळ्या कंपनीचा आणि वेगळ्या वयाचा असतो, काहींना डेटा बाहेर देणारे पोर्टच नसते. अशा ठिकाणी नीट छापलेला, पुरेसा मोठा कागदी चार्ट आणि त्याचा केस संपताच काढलेला स्कॅन हेच व्यवहार्य आहे. शिक्षण व संशोधन करणाऱ्या विभागांनी मात्र सिऊल नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी तयार केलेले ‘व्हायटल रेकॉर्डर’ हे मोफत सॉफ्टवेअर पाहावे. ते संपूर्ण नोंदप्रणालीची जागा घेत नाही, पण अनेक प्रकारच्या यंत्रांतून आकडे आणि लहरी टिपते. त्याच रुग्णालयाने ६,३८८ शस्त्रक्रियांचा माहितीसंच जगभरच्या अभ्यासकांसाठी खुला केला आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून चांगली सुरुवात क्वचित मिळेल.

मोठ्या आणि मध्यम रुग्णालयांनी ही प्रणाली घ्यावी, असे माझे मत आहे. आमच्याकडील प्रणालीला मी पाचपैकी साडेतीन तारे देईन. अर्धा तारा फुटलेल्या जोडाक्षरांमुळे गेला, अर्धा आधीच भरून ठेवलेल्या वाक्यांमुळे, आणि उरलेला अर्धा केस संपल्यावर करायच्या खुणांच्या अडचणीमुळे. कराराच्या वेळी प्रत्येक यंत्र जोडण्याचे शुल्क वेगळे आकारले जाते, नवा मॉनिटर घेतला की ते पुन्हा द्यावे लागते, आणि वार्षिक देखभालीत दुरुस्त्या येतात पण पडद्यांतील बदल येत नाहीत, हे आधी लेखी करून घ्यावे. करार संपल्यावर सर्व जुन्या नोंदी दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा स्वरूपात रुग्णालयाला परत मिळतील, ही अट त्यात असलीच पाहिजे. आणि प्रात्यक्षिक पुरवठादाराच्या कार्यालयात पाहू नये; आपल्याच ओटीत, आपल्याच सर्वांत जुन्या मॉनिटरवर, सर्जन कॉटरी वापरत असताना पाहावे, आणि त्या वेळी संगणकापाशी विभागप्रमुखाऐवजी रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टर आणि ओटीच्या सिस्टर यांना बसवावे.